मामाचा हात

गंधालीचा हात मामावर गेलाय, असं घरात पहिल्यांदा कोण म्हणालं ते देवश्रीला नक्की आठवत नसे. आई म्हणाली असेल, नाहीतर माया आत्याच फोनवर म्हणाली असेल. पण ते ऐकलं तेव्हा आपण पोह्यांची बशी हातात धरून उभ्या होतो, एवढं तिला पक्कं आठवत होतं.

मामा म्हणजे देवश्रीचे बाबा, दिवाकर मांडवगणे. रेल्वेच्या इंजिनिअरिंग ऑफिसात ते हेड ड्राफ्ट्समन होते. रुळांखालच्या मोऱ्या, पादचारी पूल, प्लॅटफॉर्मची छतं, सगळ्यांचे नकाशे त्यांच्या हातून गेलेले. ऑफिसात आता कॉम्प्युटर आले होते, पण रायपूरच्या ब्राह्मणपाऱ्यात घरी वरच्या खोलीत खिडकीशी त्यांचा जुना ड्रॉइंग बोर्ड अजून मांडलेला असे. कोणी ओळखीचा घर बांधायला काढी, तेव्हा नकाशासाठी आधी त्यांच्याकडे येई. कागदावर त्यांनी लिहिलेलं ‘स्वयंपाकघर’ हा शब्दसुद्धा लोक थांबून पाहात.

देवश्री त्यांची एकुलती एक मुलगी. सातवीत असताना बाबांनी तिला बोर्डाशी बसवलं होतं. कंपास हातात दिला, वर्तुळ काढायला सांगितलं. तिनं पेन्सिल इतकी दाबली की कागद फाटला, आणि दुसऱ्या कागदावर वर्तुळाची दोन टोकं भेटलीच नाहीत. बाबा हसले. त्या हसण्यात काही वाईट नव्हतं. ते म्हणाले, “राहू दे बेटा. तुझं डोकं गणितात चालते, तेच कर.” देवश्री उठली. बाबा परत बोलावतील असं तिला काही दिवस वाटत होतं. त्यांनी बोलावलं नाही, आणि आपण होऊन ती त्या खुर्चीत पुन्हा बसली नाही.

दहावीनंतर डोंगरगडहून गंधाली आली. माया आत्याची मुलगी, देवश्रीच्याच वयाची. तिच्या वडिलांचं तिथं खताचं दुकान होतं आणि कोचिंगसाठी मुलीला रायपूरला ठेवायचं ठरलं होतं. इंदूनं, म्हणजे देवश्रीच्या आईनं, मुलींच्या खोलीत दुसरा पलंग टाकला. सुरुवातीला देवश्रीला बरंच वाटलं. शाळेत जायला सोबत झाली, कोचिंगला एकाच स्कूटीवर जाता येऊ लागलं.

आल्यानंतरच्या पहिल्याच रविवारी बाबा एका सहकाऱ्याच्या शंकर नगरमधल्या घराचा नकाशा काढत होते. गंधाली त्यांच्या मागे जाऊन उभी राहिली आणि तिनं विचारलं, ही एक रेघ अशी तुटक काहून आहे. जे आहे पण वरून दिसत नाही ते तुटक रेघेनं दाखवायचं, असं बाबांनी सांगितलं. तिनं बाजूच्या कोऱ्या कागदावर सहज एक तुटक रेघ ओढून पाहिली. प्रत्येक तुकडा सारखा, प्रत्येक फट सारखी. बाबांनी रेघेकडे पाहिलं, मग वर मान करून गंधालीकडे पाहिलं. देवश्री दारात कपड्यांच्या घड्या घालत होती. तिला ती नजर दिसली. आपल्याकडे बाबांनी असं कधी पाहिलं होतं का, हे ती आठवू लागली आणि तिला आठवलं नाही.

त्यानंतर दोन वर्षं रोज संध्याकाळी सात ते आठ गंधाली बोर्डाशी बसू लागली. बाबा शेजारी उभे. देवश्री जेवणाच्या टेबलावर गणितं सोडवी आणि कान वरच्या खोलीकडे असत. बाबा कमी बोलणारे, पण रेघ मनासारखी आली की “वा” म्हणत. एका संध्याकाळी देवश्रीनं मोजलं, नऊ वेळा “वा” झालं. अकरावीच्या परीक्षेत तिला गणितात शंभरपैकी अठ्ठ्याण्णव मिळाले तेव्हा बाबांनी “छान” म्हणून निकालपत्र आईकडे दिलं होतं. एकदा.

तिला गंधालीचा राग यावा असं गंधाली काही करत नव्हती. हाच त्रास होता. ती भांडत नव्हती, मिरवत नव्हती, बाथरूममध्ये वेळ लावत नव्हती. देवश्रीनं मग स्वतःच काहीतरी केलं. एका दुपारी घरात कोणी नसताना तिनं गंधालीच्या ड्रॉइंगच्या टू-एच पेन्सिली एकेक करून वरून फरशीवर सोडल्या. बाहेरून काही कळत नाही, पण आत शिसं जागोजाग तुटतं. संध्याकाळी गंधाली टोक करी आणि टोक गळून पडे. पुन्हा करी, पुन्हा गळे. ती एवढंच म्हणाली, की पेन्सिली खराब निघाल्या. दुसऱ्या दिवशी बाबा ऑफिसातून येताना सदर बाजारातून तिच्यासाठी परदेशी पेन्सिलींचा डबा घेऊन आले. देवश्रीला त्या दिवशी जेवण गेलं नाही. आईनं कपाळाला हात लावून पाहिला.

बारावी झाली, इंजिनिअरिंग प्रवेशाच्या पीईटी परीक्षेचा निकाल लागला. देवश्रीचा नंबर गंधालीपेक्षा बराच वर होता. सरकारी कॉलेजात तिला कॉम्प्युटर सायन्स सहज मिळणार होतं आणि सगळ्यांनी ते धरूनच ठेवलं होतं. गंधालीला सिव्हिल. यावरही घरात चर्चा झाली नाही, इतकं ते उघड होतं. बाबांनी कपाटातून आपल्या आयटीआयच्या वेळचा कंपास-बॉक्स काढला, आतलं निळं मखमल बोटानं साफ केलं आणि कॉलेज सुरू झालं की हा तुझा, असं गंधालीला सांगितलं. देवश्री समोरच होती. तिच्याकडे पाहून ते हसले आणि म्हणाले, “तुले लॅपटॉप घेऊन देतो.”

सिव्हिलमध्ये काय आवडतं, असं त्या दिवसांत कोणी विचारलं असतं तर देवश्रीला सांगता आलं नसतं. पूल पाहून तिला काही होत नसे. इमारतींकडे ती मान वर करून पाहात नसे. तिला फक्त एवढं माहीत होतं की पुढची चार वर्षं गंधाली शीट घेऊन येईल, बाबा तिच्याशेजारी उभे राहतील, आणि दोघं अशा भाषेत बोलतील जी आपल्याला येत नाही. आपण खाली बसून कॉम्प्युटरवर काय करतो ते बाबांना कधीच कळणार नाही आणि ते विचारणारही नाहीत.

शाखांची पसंती भरायला दोघी सदर बाजाराजवळ ऑनलाइन फॉर्म भरून देणाऱ्या चॉइस सेंटरवर गेल्या. बाबांनी दोघींना क्रम लिहून दिला होता, त्यांच्या त्या सुंदर अक्षरात, दोन वेगळ्या कागदांवर. आत एकेकीनंच जायचं होतं. देवश्री आधी गेली. कॉम्प्युटरवर बसलेल्या माणसानं कागद वाचून विचारलं, “पहला कंप्यूटर साइंस ना?”

“नहीं भैया,” देवश्री म्हणाली, “पहला सिव्हिल.”

त्यानं कागदाकडे पुन्हा पाहिलं, आणि मागाहून सगळे बदलवायला येतात, असं बजावलं. देवश्रीनं पक्कं म्हणून सांगितलं. बाहेर येऊन ती स्कूटीवर बसली. गंधाली आत गेली. बाजारात नेहमीसारखी गाड्यांची गर्दी होती, मागचा माणूस सारखा हॉर्न वाजवत होता, आणि देवश्रीला दोन वर्षांत पहिल्यांदा हलकं वाटत होतं.

सीट-वाटपाची यादी आली त्या दिवशी रविवार होता. चौघंही जेवायला बसली होती. बाबांनी मोबाइलवर आधी देवश्रीचं नाव पाहिलं आणि त्यांना वाटलं काहीतरी चूक झाली. देवश्रीनं सांगितलं की चूक नाही, मीच भरलं.

“तुले ड्रॉइंग येत नाही, देवू,” बाबा म्हणाले. “सिव्हिलमधी ते रोजचं काम आहे.”

“सीख लूँगी,” ती म्हणाली. घरात आई-बाबा मराठीत बोलत आणि ती बहुतेक हिंदीत उत्तर देई. तिच्या सगळ्या मैत्रिणींच्या घरी असंच होतं.

मग बाबांनी गंधालीचं नाव पाहिलं. गंधालीनं खाली मान घालून सांगितलं, “मामा, मी आयटी भरलं होतं.”

बाबांनी मोबाइल पालथा ठेवला. “काहून?” त्यांनी विचारलं. आवाज चढला नव्हता. गंधालीनं नोकऱ्यांचं काहीतरी सांगितलं, वडिलांचीही तीच इच्छा आहे असं सांगितलं. बाबांनी पुन्हा विचारलं, मग काहून, इतकं येते तर काहून नाही. शेवटी ते उठले आणि जेवण अर्धं टाकून हात धुवायला गेले. देवश्री ताटाकडे पाहात बसली. तिच्या मनात एकच गोष्ट फिरत होती. मला बाबांनी ‘काहून’ असं विचारलंच नाही.

संध्याकाळी गच्चीवर कपडे काढताना तिनं गंधालीला गाठलं. तुला तर ड्रॉइंग आवडायचं ना, असं विचारलं. गंधालीनं चादरीची दोन टोकं जुळवली.

“आवडते ना,” ती म्हणाली. “पण तुमच्या घरी राहून राहिली होती मी. मामी भांड्याला हात लावू देत नव्हती. मामा मले बोर्डापाशी बसवून खूश व्हायचे. मले वाटे, आपण एवढं तरी करावं.”

हे तिनं इतकं साधेपणानं सांगितलं की देवश्रीला त्यात काही खोट काढता येईना. पाहुण्यानं उठून स्वतःचं ताट धुवावं, तशी ही दोन वर्षं रोज त्या खुर्चीत जाऊन बसत होती. आणि त्या खुर्चीसाठी आपण कॉम्प्युटर सोडलं. देवश्रीला वाटलं होतं की गंधालीनं बोर्ड सोडला की मत्सर संपेल. तो संपला नाही. आता त्यात आणखी एक भर पडली. गंधालीनं जे मागितलं नव्हतं ते सगळं तिला मिळालं होतं, आणि जे हवं होतं तेही.

कॉलेज सुरू झालं. पहिल्या सेमिस्टरला इंजिनिअरिंग ग्राफिक्स सगळ्याच शाखांना होतं, त्यामुळे दोघींच्या पाठीवर शीट ठेवायच्या सारख्याच लांब नळ्या आल्या. कंपास-बॉक्स बाबांनी कोणालाच दिला नाही, तो कपाटात परत गेला. देवश्रीला त्यांनी दुकानातून रेघा आखायचा नवीन ड्राफ्टर आणून दिला आणि पहिल्या आठवड्यात तीन संध्याकाळी तिला बोर्डाशी घेऊन बसलेसुद्धा. ती वाट पाहात होती तो क्षण आला होता, पण तो तसा नव्हता. ती रेघ ओढायला लागे आणि बाबांचा श्वास अडके. अर्ध्या मिनिटात ते तिच्या हातून पेन्सिल घेत, “अशी,” म्हणत आणि रेघ स्वतःच पुरी करत. मग पुढचीही. तिसऱ्या दिवशी अख्खी शीट त्यांनीच काढली आणि ती शेजारी उभी राहिली. चौथ्या दिवशी ते ऑफिसातून उशिरा आले. पुढं तर सगळं कॉम्प्युटरवरच असते, घाबरू नको, असं म्हणाले आणि त्यांनी विषय सोडला.

तिच्या शीटा वाईटच होत्या. पेन्सिलीचा काळा हात सगळीकडे लागलेला, जाड रेघ आणि बारीक रेघ यांत फरक नाही, खोडून खोडून कागद मऊ झालेला. पहिल्या टेस्टला वीसपैकी सहा मिळाले. सरांनी कोपऱ्यात लाल पेनानं लिहिलं होतं, उत्तर बरोबर, रेघा खराब. देवश्रीनं सहाच पाहिले. त्याच आठवड्यात ग्राफिक्स हॉलच्या भिंतीवर नमुना म्हणून एक शीट लावली गेली आणि खाली नाव होतं गंधालीचं, आयटी. सिव्हिलची मुलं जाता येता ती पाहात आणि म्हणत, ही कॉम्प्युटरवाली पोट्टी आपल्याकडे पाहिजे होती. देवश्री तिची नातेवाईक आहे हे कोणाला ठाऊक नव्हतं आणि तिनं कोणाला सांगितलंही नाही.

सेमिस्टर संपत आलं. शेवटची शीट वीस गुणांची होती. एका तिरक्या कापलेल्या शंकूचं चित्र तीन बाजूंनी. देवश्रीनं ते दोनदा काढलं आणि दोनदा फाडलं. शंकू कुठं कापला जातो, कापलेला भाग वरून कसा दिसेल, हे तिला डोळे मिटले की दिसत होतं. कागदावर येताना ते मरे. शनिवारी दुपारी तिनं गंधालीला विचारलं, काढून देशील का. विचारताना तिचा चेहरा असा होता की गंधालीनं काही न बोलता कागद घेतला. दोन तासांत शीट झाली. देवश्रीनं कोपऱ्यातल्या चौकटीत आपल्या वाकड्या अक्षरात आपलं नाव लिहिलं.

रविवारी सकाळी ती अंघोळ करून आली तेव्हा बाबा वरच्या खोलीत त्या शीटवर वाकलेले होते. शीट टेबलावर वाळायला ठेवावी तशी पसरलेली होती, चष्मा त्यांनी कपाळावर सरकवला होता. एक क्षण तिला खरंच वाटलं की बाबा आता आपल्याला बोलावतील आणि “वा” म्हणतील. इतकं वाटलं की ती तशीच ओल्या केसांनी उभी राहिली.

“इकडं ये,” बाबा म्हणाले. तिनं जवळ जाऊन पाहिलं. त्यांचं बोट एका रेघेच्या शेवटावर होतं, कागदाला न टेकता. “ही रेघ गंधालीची आहे. ती रेघ संपवताना थोडी दाबते. मीच शिकवलं तिले.”

खाली आईच्या मिक्सरचा आवाज येत होता.

“नाव तुझं आन् रेघ तिची,” बाबा म्हणाले.

“तिची रेघ तुम्ही ओळखता,” देवश्री म्हणाली, आणि आपण मराठीत बोलतोय हे तिच्या मागाहून लक्षात आलं. “माझी रेघ ओळखू शकाल? कधी पाहिली तुम्ही? तुम्ही पेन्सिल हातातून काढून घेता.”

मग ती थांबली नाही. तिनं पेन्सिली फरशीवर सोडल्याचं सांगितलं, नऊ वेळा “वा” मोजल्याचं सांगितलं. सिव्हिल काहून घेतलं हे तुम्ही एकदाही विचारलं नाही, तर आता सांगते, म्हणाली. तुम्ही तिच्याजवळ उभे राहत होते म्हणून घेतलं. दुसरं काही कारण नव्हतं. हे बोलताना ती रडत होती आणि आवाज खाली जाऊ नये म्हणून दात आवळत होती.

बाबा खुर्चीत बसले. त्यांनी शीटच्या कोपऱ्यातल्या चौकटीवर बोट ठेवलं. मग ते सांगू लागले. ऑफिसच्या प्रत्येक नकाशावर अशीच चौकट असते. तिथं एक बारीक घर असतं, काढणाऱ्याचं. त्यात एकतीस वर्षं त्यांनी आपल्या नावाची दोन आद्याक्षरं लिहिली. त्याच्या वरच्या घरात तपासणाऱ्याची सही आणि त्याच्याही वर मंजूर करणाऱ्याची, सगळ्यांत मोठी. सही करणाऱ्यांत असे कितीतरी आले ज्यांना पेन्सिलीला टोक करता येत नव्हतं. वयानं लहान, कालचे पोट्टे. ते येऊन बोर्डावर बोट ठेवत आणि म्हणत, हे इथून इथं सरकवा. आणि ते बरोबर असायचं.

“मले त्यांची जलन व्हायची,” बाबा म्हणाले. “त्यांले रेघ ओढता येत नव्हती, पण रेघ कुठं पाहिजे ते मालूम होतं. मले उलटं. एकदा एकाले विचारलं, साहेब, हे असं काहून. तो म्हणे, आप बस ड्रॉ कीजिए.”

गंधालीचा हात पाहिला तेव्हा त्यांना वाटलं, हा हात आपलाच आहे, आणि हिला डिग्री मिळाली तर आपला हात एकदाचा वरच्या घरात सही करील. एवढंच त्यांना दोन वर्षं दिसत होतं.

“आणि मी?” देवश्रीनं विचारलं.

“तू सिव्हिल घेतलं म्हटलीस,” ते म्हणाले, “तेव्हा मले वाटलं, हे पोट्टी आता त्यांच्यासारखी होईल. रेघ येणार नाही आन् सही करील. माझ्याच घरात.”

देवश्रीला त्या दिवशी या बोलण्याचा अर्थ पुरता लागला नाही. बाबा आपल्याविषयी बोलायला लागले तरी वाट गंधालीवरूनच गेली, हे तेवढं तिला लागलं. बाबांनी ती शीट गुंडाळून नळीत घातली आणि नवीन कागद बोर्डावर चिकटवला. सोमवारी द्यायची ना, म्हणाले, बस.

ती बसली. बाबा मागे स्टुलावर बसले आणि त्यांनी दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले. पहिली रेघ वाकडी गेली. हात तिथंच राहिले. दुसरी थोडी कमी वाकडी गेली. दुपारी आई जेवायला बोलवून थकली आणि शेवटी ताटं वरच घेऊन आली. गंधाली एकदा दारापर्यंत येऊन परत गेली. चारच्या सुमाराला शंकू पुरा झाला. त्यावर तीन ठिकाणी खोडल्याचे डाग होते आणि एका जागी कंपासच्या टोकानं भोक पडलं होतं. बाबांनी चष्मा लावून ती शीट पाहिली आणि एवढंच म्हणाले की कापलेला भाग बरोबर आहे, हे गंधालीनं काढलेल्यात थोडं चुकलं होतं. देवश्रीला वाटलं ते समजूत घालत आहेत. तिनं नळीतून दुसरी शीट काढून शेजारी ठेवून पाहिली. खरंच चुकलं होतं. सुंदर, स्वच्छ आणि चुकीचं.

तिला वीसपैकी अकरा मिळाले. परीक्षेत ती काठावर पास झाली. पास म्हणजे पास, असं आईनं ठरवलं आणि शेजारी पेढे वाटले. गंधालीला त्या विषयात वर्गात सगळ्यांत जास्त गुण होते. त्या दिवशीही देवश्रीला तिचा मत्सर वाटला. पेढा तिनं गंधालीला स्वतःच्या हातानं भरवला आणि मत्सर तसाच राहिला.

दुसऱ्या वर्षी गंधाली होस्टेलला राहायला गेली. अभ्यासाला बरं पडतं असं तिनं सांगितलं, कोणी फार आग्रह केला नाही. दर रविवारी तिचा मामाला फोन यायचा आणि बाबा गॅलरीत जाऊन बोलायचे. देवश्री तेव्हा काहीतरी काम काढून गॅलरीजवळ जायची. सुधारली नव्हती ती. कॉलेजात ड्रॉइंग आता कॉम्प्युटरवर आलं होतं आणि तिथं सगळ्यांची रेघ सारखीच सरळ येई, त्यामुळे तिला कोणी नावं ठेवत नव्हतं. नवीन विषय मात्र असे होते की तिला रात्री झोपण्याआधी उद्याचा तास कधी होतो असं वाटे. वजन पडलं की तुळई कुठं वाकते, किती वाकते, आतला ताण कुठून कुठं जातो. सिव्हिलमध्ये काय आवडतं, हे आता कोणी विचारलं असतं तर ती सांगू शकली असती. विचारणारं कोणी नव्हतं.

मार्चमधल्या एका रविवारी, बाबांच्या रिटायरमेंटला वर्षभर उरलेलं असताना, ते हातात एक जुना पिवळा पडलेला नकाशा घेऊन तिच्या टेबलाशी आले. भिंतींनी तीन गाळे पाडलेल्या, रुळांखालच्या एका मोरीचा होता. स्लॅबच्या आतल्या लोखंडी सळया त्यात दाखवल्या होत्या. सळई खालून सरळ जाई आणि भिंत जवळ आली की वाकून वरच्या बाजूला जाई. त्यांनी पुष्कळ वेळ इकडचं तिकडचं केलं, तुझं काम चालू आहे का विचारलं, पाणी हवं का विचारलं. मग बोट ठेवलं.

“हे वाकवणं मी हजार वेळा काढलं असेल,” ते म्हणाले. “भिंतीपासून गाळ्याच्या चौथ्या भागापाशी वाकवा, एवढं सांगितलेलं. तिथंच काहून?”

देवश्रीनं त्यांच्याकडे पाहिलं. ते तिच्याकडे पाहात नव्हते, नकाशाकडे पाहात होते, आणि त्यांचे कान लाल झाले होते. तिनं वहीचं पान फाडलं आणि त्यावर एक स्लॅब काढला. रेघ वाकडी आली. तिनं ती खोडली नाही. दोन भिंतींच्या मधे स्लॅब खाली झुकतो तेव्हा त्याची खालची बाजू ताणली जाते, ती सांगू लागली, आणि काँक्रीटला ताण सोसत नाही म्हणून तिथं सळई लागते. पण भिंतीवरून स्लॅब पुढच्या गाळ्यात जातो, तिथं तो उलटा वाकतो. तिथं वरची बाजू ताणली जाते.

“म्हणजे मधी कुठंतरी ताण बाजू बदलते,” बाबा सावकाश म्हणाले.

“हव. आणि ती जागा साधारण चौथ्या भागापाशी येते. म्हणून सळई तिथं वर जाते.”

बाबांनी खिशातून छोटी डायरी काढली आणि त्यात ते लिहून घेतलं, ओळीखाली ओळ, प्रत्येक अक्षर सुटं. लिहून झाल्यावर त्यांनी वर पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर कौतुक होतं, पण तेवढंच नव्हतं. त्या चेहऱ्यावर दुसरंही काही होतं आणि देवश्रीला ते लगेच ओळखता आलं, कारण ते तिच्या पोटात कितीतरी वर्षं राहिलं होतं. आपल्या बाबांना आपलाच हेवा वाटतो आहे. तिला वाईट वाटायला हवं होतं. थोडं वाटलंही. पण त्याखाली एक गोड, गरम असं काहीतरी पसरत गेलं आणि ते तिला थांबवता आलं नाही.

इतक्यात बाबांचा फोन वाजला. पडद्यावर गंधालीचं नाव होतं. बाबांनी फोन उचलून सांगितलं, “थोड्या वेळानं करतो बेटा, एक समजून घेऊन राहिलो,” आणि तो पालथा ठेवला.

समजावण्यासारखं आता फारसं उरलं नव्हतं. देवश्रीनं तरी दुसरं पान फाडलं.

“समजा बाबा,” ती म्हणाली, “यातली मधली एक भिंत आपण काढून टाकली.”

बाबांनी स्टूल पुढं ओढलं.